जुना ड्रायर काढायचा की उघडायचा?

मार्च उजाडला की नाशिकच्या लाँड्रीवाल्यांचे फोन सुरू होतात. "कपडे सुकायला दुप्पट वेळ लागतोय, नवीन ड्रायर घेऊन टाकू का?" मी सांगतो, कोटेशन नंतर मागवा, आधी दुकानाचं मागचं दार उघडं ठेवून एक लोड सुकवून बघा. वेळ कमी लागला तर ड्रायर म्हातारा झालेला नाही, त्याला हवा मिळत नाहीये. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या काचबंद गाळ्यांत हा प्रकार फार. ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाटच ठेवलेली नसते. बाहेर उघडणारं दार ड्रायर चालू असताना ओढायला जड लागतं की नाही, बघा. तसं असेल तर भिंतीत जाळीची खिडकी पाडा. गवंड्याचं काम आहे, मेकॅनिकचं नाही.

दुसरी जागा डक्ट, म्हणजे ड्रायरची दमट हवा बाहेर नेणारा पाइप. बाहेरच्या तोंडाला कबुतरं शिरू नयेत म्हणून बारीक जाळी ठोकलेली असते. तिच्यावर लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची, गादी बसते आणि हवा तिथेच अडते. जाळी काढा, आपोआप उघडणारी झडप बसवा. अॅल्युमिनियमचा सुरकुत्यांचा पाइप असेल तर तो फेकून गुळगुळीत जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा लावा, वळणं कमीत कमी, आणि जोडावर आत टोक निघेल असा स्क्रू मारू नका. लिंट त्या टोकालाच धरून वाढतं. बऱ्याच आगी लागतात त्या याच लिंटमुळे.

आता वजनकाटा. ओला लोड ड्रायरमध्ये टाकण्याआधी मोजा, सुकल्यावर पुन्हा मोजा. फरक म्हणजे उडालेलं पाणी. एक लिटर पाणी उडवायला उष्णता 0.7 युनिटच्या आसपास लागते. धडधाकट इलेक्ट्रिक ड्रायर प्रत्यक्षात साधारण एक युनिट घेतो. तुमचा दीड-दोन घेत असेल तर पैसे कुठेतरी गळतायत. पण दहा किलो टॉवेल वॉशरमधून अठरा किलोचे होऊन बाहेर येत असतील, तर दोष ड्रायरचा नाहीच, वॉशरच्या स्पिनचा आहे. चांगल्या स्पिनचा वॉशर तेच टॉवेल पंधरा किलोवर आणतो. तीन लिटर पाणी कमी, म्हणजे दर लोडमागे तीन युनिट वाचले. अशा वेळी ड्रायरचे पैसे वॉशरवर घाला.

एवढं करूनही ड्रायर रडतच असेल तर एमसीबी पाडून, गॅसचा कॉक बंद करून यंत्र उघडा. पट्टा काढून ड्रम हाताने फिरवा. खरखर आली तर रोलर किंवा बेअरिंग. ड्रमची कड वर उचलून बघा. मागे खेळ जाणवला तर शाफ्ट झिजलेला असू शकतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून स्लीव्ह (झिजेवर बसणारी नळी) घालून मिळते, बेअरिंग मात्र नंबर वाचून चांगल्या कंपनीचंच आणा. ड्रमभोवतीचं फेल्ट (हवा अडवणारी लोकरी पट्टी) तपासायला दुकानातले दिवे घालवा आणि ड्रममध्ये टॉर्च ठेवा. कडेने उजेड जिथून दिसेल तिथून गरम हवा निसटतेय. हीटर असेल तर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा. तिन्हींवर सारखा नसेल तर एखादी कॉइल गेलेली असू शकते. सेफ्टी थर्मोस्टॅटला (यंत्र फार तापलं की उष्णता तोडणाऱ्या स्विचला) वायरचा तुकडा लावून 'बायपास' केलेलं यंत्र दिसलं की मी आधी तो तुकडा काढतो, मग बोलतो. एलपीजीवरून पाइपच्या गॅसवर जाताय? जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात, आणि ते काम अधिकृत माणसाकडूनच.

बदलायचा कधी? बेअरिंगचं घर तडकलं असेल, ड्रमची शिवण सुटली असेल, खालची चौकट गंजून हलत असेल तर. कंट्रोल बोर्ड मिळेनासा झाला असेल तर इलेक्ट्रिक ड्रायरला टायमर, तापमान कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर (हीटर-मोटर चालू-बंद करणारा मोठा विजेचा स्विच) लावून काम भागतं, मात्र सेफ्टी थर्मोस्टॅट आणि हवेचा स्विच (हवा वाहत नसेल तर हीटर बंद ठेवणारा) सर्किटमध्ये राहिलेच पाहिजेत. गॅसच्या यंत्रात असला जुगाड मी करत नाही.

सेकंडहँड घेताना नेमप्लेट वाचा. 60 हर्ट्झची परदेशी मोटर आपल्या 50 हर्ट्झवर फिरली की ब्लोअर साधारण सहावा हिस्सा मंदावतो, आणि स्वस्तात मिळालेला ड्रायर पहिल्या दिवसापासूनच हळू सुकवतो. हीट पंपवाला ड्रायर (तीच उष्णता पुन्हा वापरणारा) वीज खूप कमी खातो, पण वेळ जास्त घेतो. हॉस्टेलच्या कपड्यांना चालेल; हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या असतील तर विचार करा.

काम एप्रिल-मेमध्ये उरका. तेव्हा गच्चीवरच कपडे वाळतात, एक यंत्र बंद असलं तरी चालतं. 2027 चा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतोय. दोरीवर काही वाळणार नाही आणि हॉटेलं, धर्मशाळा भरलेल्या असतील, तेव्हा फिटर शोधून मिळणार नाही. जुना ड्रायर भंगारात देताना मोटर, रोलर, पुली आणि दाराचा स्विच काढून ठेवा. त्याच मॉडेलचा दुसरा ड्रायर शेजारी उभा असेल, तर त्याला लागतील.