जुन्या छापील तसबिरीला मुंबईच्या घरात जागा देताना

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा (दगडावरून चित्रे छापण्याचा) छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. त्या छापखान्यामुळे त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती संस्थानिकांच्या दालनांतून उतरून सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यात आली. अशी एखादी तसबीर वारशाने किंवा चोरबाजारातून आपल्याकडे आली असेल, तर ती ट्रंकेत न ठेवता भिंतीवरच लावावी. मात्र मुंबईच्या दमट हवेत कागद टिकवायचा असेल, तर आधी फ्रेमकडे लक्ष द्यावे लागते.

जुनी फ्रेम उघडल्यावर पाठीमागे बहुधा लाकडी फळी किंवा पुठ्ठा आढळतो, आणि त्यातले आम्ल कागदात उतरून तो पिवळा व ठिसूळ झालेला असतो. चित्र काचेला चिकटलेले दिसले, तर ते ओढून काढू नये, कारण रंगाचा थर काचेवरच राहतो. ते काम कागदाच्या संवर्धकाकडेच सोपवावे. चित्र मोकळे असेल, तर फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्यावा, म्हणजे काच आणि कागद यांच्यात थोडी पोकळी राहते. घाईत असलेला फ्रेमवाला चित्र फेविकॉलने पुठ्ठ्यावर डकवून देतो किंवा लॅमिनेशन सुचवतो. दोन्हींना स्पष्ट नकार द्यावा. चित्राच्या फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या, तर ते सुरक्षित राहते आणि पुढे सोडवताही येते. माउंटचे पैसे वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, जेणेकरून मागे हवा खेळती राहील. थेट ऊन पडणारी जागा तर नकोच.

तसबिरीची रोज पूजा होत असेल, तर हळदकुंकू काचेवर लावावे, फुलांचा हार ओला असताना घालू नये आणि उदबत्ती हातभर दूर ठेवावी. काच पुसताना पाणी कापडावर घ्यावे, काचेवर शिंपडू नये. पावसाळा संपला की तसबीर उतरवून मागची बाजू पाहावी: बुरशीचे ठिपके किंवा कसरीने कुरतडलेल्या कडा दिसल्या, तर फ्रेम उघडण्याची वेळ आली आहे.

वास्तुशांतीच्या भेटीसाठी अशा चित्रांच्या प्रती छापून घ्यायच्या असतील, तर हक्कांचा विचार करावा. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्ये झाल्याने त्यांची चित्रे मोकळी आहेत. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांच्या प्रती काढण्यापूर्वी २०३१ अखेरपर्यंत हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते.