फोंचं नाटक दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स भाषेत करताना: तयारीची यादी

पहिलं काम हक्कांचं. इटालियन नाटककार दारिओ फो २०१६ मध्ये गेले, म्हणजे ‘एका अराजकवाद्याचा अपघाती मृत्यू’ या त्यांच्या १९७० च्या नाटकाचे हक्क अजून शाबूत आहेत. प्रयोगाची परवानगी वेगळी आणि भाषांतराची वेगळी, दोन्ही लेखी हवीत. दक्षिण आफ्रिकेत नाटकांच्या परवानग्यांचं काम ‘डाल्रो’ ही संस्था बघते, चौकशी तिथून सुरू करा. कागद हातात येईपर्यंत नाट्यगृहाची तारीख घेऊ नका. अर्जात कोणती इटालियन संहिता वापरणार हेही लिहा. हे नाटक गाजत होतं तेव्हाच मिलानच्या कोर्टात नाटकामागच्या खऱ्या मृत्यूच्या प्रकरणातून निघालेला खटला उभा होता आणि फो त्याप्रमाणे संवाद बदलत होते, म्हणून आवृत्त्यांमध्ये फरक आहेत. लंडनच्या १९७९ च्या प्रयोगासाठी झालेलं इंग्रजी रूपांतर सहज मिळतं, पण ते बरंच स्वैर आहे, त्यावरून आफ्रिकान्स करू नका. इटालियन वाचणारा भाषांतरकार शोधा आणि त्याला पहिल्या वाचनापासून तालमीला बसवा.

तालीम सुरू होण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा: नाटक घडतं कुठे? जोहान्सबर्गमध्ये कुणीतरी हमखास म्हणणार की सरळ जॉन फोर्स्टर स्क्वेअरवर, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या इथल्या पोलीस मुख्यालयात, आणू या. कारण उघड आहे: नाटक मिलानमधल्या ज्या मृत्यूवर बेतलंय, तसाच मृत्यू तिथेही झाला. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियात्सा फोंतानातल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. रेल्वेत काम करणारा अराजकवादी ज्युझेप्पे पिनेल्ली पोलिसांच्या ताब्यात होता, तो तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडून मेला. आणि २७ ऑक्टोबर १९७१ ला जॉन फोर्स्टर स्क्वेअरच्या दहाव्या मजल्यावरून, १०२६ क्रमांकाच्या खोलीतून, पोलिसांच्या ताब्यात असलेला अहमद तिमोल हा २९ वर्षांचा शिक्षक खाली पडून मेला. १९७२ च्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली. २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून खून म्हटलं. पिनेल्लीच्या बाबतीत १९७५ चा निकाल मात्र आत्महत्याही नाही आणि खूनही नाही असा लागला.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की नाटक मिलानमध्येच ठेवा. नावं इटालियन, गणवेश इटालियन, भिंतीवरचा नकाशा मिलानचा. दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा पोलिसांनी ज्या भाषेत जबाब लिहून घेतले त्याच भाषेत हे इन्स्पेक्टर खोटं रचायला लागले की प्रेक्षक आपोआप दहाव्या मजल्यावर पोचतो. तुम्ही बोट धरून नेलंत तर तो स्वतःहून जाणार नाही. शिवाय ते नाटक तिमोलवरचं होऊन बसेल, आणि तो अधिकार आपण कुणाला न विचारता घेता कामा नये. पत्रिकेत मात्र दोन्ही मृत्यूंची हकीकत तारखांसह छापा, आणि छापण्याआधी तिमोल कुटुंबापर्यंत ती पोचवा.

मग संवाद. आफ्रिकान्समध्ये वरिष्ठाशी बोलताना सर्वनाम टाळून हुद्दाच वापरायची पद्धत आहे. ‘कर्नलनी पाहिलं का?’ हे कर्नललाच विचारलेलं असतं, आपण ‘साहेब जेवले का?’ म्हणतो तसं. या नाटकात सगळे एका खोट्या न्यायाधीशापुढे, म्हणजे सोंग घेऊन पोलीस मुख्यालयात वावरणाऱ्या एका वेड्यापुढे, वाकत असतात, तेव्हा कोण कुणाला हुद्द्याने बोलतो आणि कुठल्या वाक्याला घसरून ‘तू’वर येतो, याची खूण प्रत्येकाने आपल्या संहितेत करून ठेवावी. आणखी एक सांभाळा: हंशासाठी हवालदाराला काप्स बोलायला लावू नका. ती केप टाउनच्या कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांच्या, वस्त्यांमधली जिवंत बोली आहे आणि या भाषेच्या रंगभूमीवर तिची पुष्कळ टिंगल झालेली आहे. बोली बदलायचा हक्क वेड्याला द्या. तो सोंगं बदलतो, तेव्हा बोलीही त्यानेच बदलावी.

नट सहा पुरतात, दोन हवालदार एकच जण करू शकतो. वेड्याचं काम करणाऱ्याला पाठांतरासाठी इतरांच्या खूप आधी संहिता द्या, कारण जवळजवळ सगळं नाटक तोच ओढतो. तालमीत गती आधी बसवा. विषय गंभीर म्हणून नट जड होतात आणि मग काहीच उरत नाही. बुटाचा प्रसंग घ्या. हवालदार म्हणतो, मी पडणाऱ्याचा पाय धरला, बूट माझ्या हातात राहिला. पण खाली पाहणाऱ्यांनी दोन्ही पायांत बूट पाहिलेले असतात. मग या तिसऱ्या बुटाचा हिशेब लावताना अधिकारी जे तर्क लढवतात, ते कचेरीतल्या माणसांच्या खऱ्या घाईने आले पाहिजेत. तो प्रसंग रोज, बाकी काही झालं नाही तरी, दोनदा चालवा.

प्रॉपर्टीत नकली हात, काचेचा डोळा, लाकडी पाय: सगळं दोन-दोन नग, आणि पहिल्या आठवड्यापासून नटाच्या हातात. खिडकी सुताराकडून भक्कम करून घ्या. तिच्यावर बसतात, वाकतात, शेवटी तिच्यातून माणूस जातो. मागे गादी हवी आणि गादीपाशी एक माणूस. ब्लॅकआउट, किंकाळी आणि स्फोट यांची तालीम प्रत्येक नाट्यगृहात नव्याने करा, कारण बाहेर जायच्या दारांवरचे दिवे बंद करता येत नाहीत आणि त्यांच्या उजेडात पडणारा दिसतो. स्फोटाच्या आवाजाची सूचना दारावर लावा.

जोहान्सबर्गला इंग्रजी उपशीर्षकं लागतीलच. १९७६ साली सोवेटो या जोहान्सबर्गच्या काळ्या वस्तीतली मुलं शाळेतल्या याच भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती, त्या पिढीतल्या प्रेक्षकाला हे नाटक पाहायची सोय हवी. उपशीर्षकं चालवणारा निदान शेवटचे दोन आठवडे तालमीला हवा. ओळ क्षणभर आधी पडली तर हंशा नटाच्या आधी येतो.

आउट्सहूर्न गावच्या कला महोत्सवात जायचं असेल, तर तिथे शाळांचे हॉलही नाट्यगृह म्हणून वापरतात आणि एका जागेत दिवसाला अनेक प्रयोग होतात. खिडकीची चौकट बोल्ट काढून सुटी होईल अशीच बनवून घ्या, आणि नेपथ्य लावण्या-काढण्याला मिळणारा वेळ करारात लिहून घ्या.