व्हीएमच्या प्रायव्हेट नेटवर्कवर ऑटोमॅटिक इन्स्टॉल अडकलं तर कुठून शोधायचं

नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू करायची, तिने नेटवर्कवरून बूट व्हायचं, लिनक्स स्वतःच टाकून घ्यायचं आणि चहा पिऊन येईपर्यंत लॉगिनला तयार राहायचं, हा सेटअप चालतो तेव्हा मस्तच वाटतं. पण अडकला की स्क्रीनवर फक्त एक ओळ दिसते आणि पोट्टे सगळ्या कॉन्फिग फाईली एकदम बदलायला घेतात. हिंगणा रोडच्या कॉलेजांतली, आयटी पार्कमध्ये नवीन लागलेली पोरं रात्री मेसेज करतात, "दादा, व्हीएम बूटच होऊन नाही राहिली, कॉबलर परत टाकू का?" नका टाकू रे. (कॉबलर म्हणजे असे नेटवर्क इन्स्टॉल सांभाळणारं सॉफ्टवेअर.) काही बदलायच्या आधी, नीट झालेली शेवटची गोष्ट कोणती ते शोधा, कारण बिघाड बहुतेक वेळा तिच्या लगेच पुढच्या पायरीवर असतो, आणि चार गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काम झालं हे कधीच कळत नाही.

क्रम असा असतो: व्हीएमला डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणारी सर्व्हिस) आयपी मिळतो, त्याच उत्तरात बूट फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय हेही येतं, मग टीएफटीपीवरून (फाईल पाठवायची साधी पद्धत) बूटलोडर, मग बूटलोडरची कॉन्फिग, मग कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलसोबत रॅममध्ये येणारी सुरुवातीची छोटी फाईलसिस्टिम), मग एचटीटीपीवरून किकस्टार्ट फाईल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं), मग पॅकेजेस, आणि शेवटी डिस्कवरून रीबूट. घरची लाईट गेली की आपण आधी शेजाऱ्यांची आहे का बघतो, मग मीटर, मग एमसीबी, थेट पंखा खोलत नाही, तसंच इथे. उदाहरणासाठी मी केव्हीएम (व्हीएम चालवणारं), लिबव्हर्ट (त्या सांभाळणारं), कॉबलर आणि अल्मा किंवा रॉकी लिनक्स धरलंय, पण कॉबलरऐवजी फोरमन वापरत असाल किंवा केव्हीएमऐवजी व्हर्च्युअलबॉक्स असेल तरी क्रम हाच.

पायरी १: नेटवर्क मुळात चालू आहे का

लिबव्हर्टची व्हर्श नेट-लिस्ट ही कमांड डॅश-डॅश-ऑल लावून चालवा. डॅश-डॅश-ऑल नाही लावलं तर बंद असलेलं नेटवर्क यादीत दिसतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट जाते, यूपीएस संपतो, होस्ट (व्हीएम चालवणारी खरी मशीन) बंद पडतो, लाईट आल्यावर होस्ट उठतो पण ऑटोस्टार्ट नसलेलं प्रायव्हेट नेटवर्क उठत नाही. ते नेट-स्टार्टने चालू करा आणि नेट-ऑटोस्टार्ट आत्ताच लावून टाका. मग व्हीएमचं नेटवर्क कार्ड खरंच याच नेटवर्कला लागलंय का बघा, क्लोन केलेली व्हीएम बरेचदा लिबव्हर्टच्या डिफॉल्ट १९२.१६८.१२२ वाल्या नेटवर्कवरच राहून जाते. एवढंच, पुढे चला.

पायरी २: डीएचसीपी, आणि इथे घाई करू नका

वायरवर काय चाललंय हे ऐकल्याशिवाय डीएचसीपीची फाईल उघडायचीच नाही, माझा तरी हा पक्का नियम आहे. होस्टवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारी कमांड) चालवा, इंटरफेस म्हणून त्या प्रायव्हेट नेटवर्कच्या ब्रिजचं (व्हीएम जोडणारा व्हर्च्युअल स्विच) नाव द्या, फिल्टर पोर्ट ६७ आणि ६८ चा लावा, डॅश-एन आणि डॅश-व्ही जोडा, आणि मग व्हीएम रीस्टार्ट करा. नीट चाललं तर चार पॅकेटं दिसतात, व्हीएमचं डिस्कव्हर, सर्व्हरची ऑफर, व्हीएमची रिक्वेस्ट आणि सर्व्हरचं ॲक.

डिस्कव्हरच दिसलं नाही तर भांडण डीएचसीपीशी नाहीच, व्हीएम चुकीच्या ब्रिजवर आहे किंवा तिच्या बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क नाही. ब्रिज तुम्ही हाताने बनवला असेल आणि त्यावर एसटीपी (नेटवर्कमधले लूप टाळणारी सोय) चालू असेल तर पोर्ट १५-१५ सेकंदांच्या दोन टप्प्यांनंतरच ट्रॅफिक पुढे सोडतो, तोपर्यंत व्हीएमचा बूट प्रयत्न टाईमआउट होऊ शकतो. व्हीएम पॉवर ऑफ न करता फक्त बूट पुन्हा करून बघितला आणि चालला, तर हेच कारण समजा, आणि ब्रिजवरचा एसटीपी बंद करून फॉरवर्ड डिले (ही थांबायची वेळ) शून्य करा.

डिस्कव्हर दिसलं पण ऑफर नाही, तर डीएचसीपी सर्व्हरचा लॉग बघा. सर्व्हरला दोन कार्डं असतील तर तो भलत्याच कार्डावर ऐकत बसलेला असतो, किंवा त्या इंटरफेससाठी सबनेटचं डिक्लेरेशन नाही असं लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. वाटायच्या आयपींचा पूल संपला असेल तर फ्री लीज नाही असं येतं, व्हीएम सारख्या बनवून पाडणाऱ्यांकडे हे नेहमी होतं, लॅबमध्ये लीज टाईम (आयपी किती वेळासाठी द्यायचा) कमी ठेवा.

आणि आता सगळ्यात जास्त लोकांना छळणारी केस, दोन ऑफर. टीसीपीडंपमध्ये एका डिस्कव्हरला लागोपाठ दोन उत्तरं दिसतात, एक १९२.१६८.५०.१ कडून आणि एक १९२.१६८.५०.५ कडून. ५०.५ म्हणजे तुमचा कॉबलर, त्याच्या ऑफरमध्ये नेक्स्ट-सर्व्हर (बूट फाईलवाल्या सर्व्हरचा पत्ता) आणि बूट फाईलचं नाव आहे. मग ५०.१ कोण? तो लिबव्हर्टने त्या नेटवर्कसाठी स्वतःहून चालवलेला डीएनएसमास्क (छोटा डीएचसीपी आणि डीएनएस सर्व्हर), त्याच्या ऑफरमध्ये नुसता आयपी आहे, बूट फाईल नाही. कधी एक ऑफर जिंकते कधी दुसरी, म्हणून सकाळी इन्स्टॉल होतं आणि दुपारी होत नाही, आणि माणूस किकस्टार्टमध्ये चूक शोधत बसतो. नेटवर्कवरून बूट व्हायच्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात; केव्हीएममध्ये बूट रॉम आयपीएक्सईचा असतो, तो अशा वेळी नथिंग टू बूट म्हणतो, इतर ठिकाणी पीएक्सई-ई५३ हा एरर कोड दिसतो, म्हणजे बूट फाईलचं नावच मिळालं नाही. पीएक्सई-ई५१ असेल तर एकही ऑफर आली नाही असा अर्थ. उपाय सोपा आहे, व्हर्श नेट-एडिटने त्या नेटवर्कच्या एक्सएमएलमधला डीएचसीपीचा भाग काढा, नेट-डिस्ट्रॉय आणि नेट-स्टार्ट करा, चालू असलेल्या व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली नेटवर्कलाही स्वतःचा डीएचसीपी असतो, तोही सेटिंगमधून बंद करावा लागतो.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो. नेटवर्क चालत नाही म्हणून वैतागून प्रायव्हेट ब्रिजला ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅनचं खरं कार्ड जोडू नका. तुमचा डीएचसीपी मग तिथल्या सगळ्या मशिनींना उत्तर देऊ लागतो, आणि त्यातली एखादी मशीन नेटवर्कवरून बूट होणारी निघाली आणि तुमचं डिफॉल्ट प्रोफाईल क्लिअरपार्ट डॅश-डॅश-ऑलवालं (सगळी पार्टिशनं पुसणारं) असलं तर त्या माणसाची डिस्क साफ होते. आपली लॅब आपल्या नेटवर्कातच ठेवा बाप्पा.

पायरी ३: टीएफटीपी

आयपी मिळाला, फाईलचं नाव मिळालं, आणि आता टाईमआउट. पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हरकडून उत्तरच नाही, आणि ई३बी म्हणजे सर्व्हर बोलतोय पण फाईल नाही. दोन्हींचा उपाय पार वेगळा, म्हणून कोड नीट वाचा.

उत्तरच नसेल तर आधी ऑफरमधला नेक्स्ट-सर्व्हर बघा. कॉबलरच्या सेटिंग्ज फाईलीत सर्व्हर आणि नेक्स्ट-सर्व्हर या दोन्ही जागी मुळात १२७.०.०.१ असतं, ते बदललं नाही तर बिचारी व्हीएम स्वतःकडेच फाईल मागत बसते. दोन्ही बदला, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि कॉबलर सिंक चालवा, सिंकशिवाय बदल खाली पोचत नाही. कॉबलर चेक ही कमांडही चालवा, ती अशा चुका स्वतःच दाखवते. पत्ता बरोबर असेल तर फायरवॉल. टीएफटीपीची गंमत अशी की मागणी पोर्ट ६९ वर जाते पण उत्तर सर्व्हरच्या दुसऱ्याच पोर्टवरून येतं, म्हणून मध्ये नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणारा राऊटर) असेल तर नुसतं ६९ उघडून भागत नाही. एकाच सपाट प्रायव्हेट नेटवर्कवर असाल तर फायरवॉलडीच्या बरोबर झोनमध्ये टीएफटीपी, डीएचसीपी आणि एचटीटीपी या सर्व्हिसेस टाका. ब्रिजचा झोन बरेचदा वेगळाच असतो, तो तपासा.

फाईल नाही म्हणत असेल आणि तुम्हाला मात्र फोल्डरमध्ये फाईल दिसत असेल, तर ती होम फोल्डरमधून मूव्ह करून आणली होती का? मूव्ह केल्यावर एसईलिनक्सचं (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) जुनं लेबल तसंच राहतं, रिस्टोअरकॉन चालवलं की ठीक होतं. एसईलिनक्सच बंद करायची गरज नाही, खरंच नाही. तपासायला त्याच नेटवर्कवर एक छोटी व्हीएम हाताने आयपी देऊन ठेवा आणि तिथून कर्लने टीएफटीपीची फाईल ओढून बघा.

व्हीएमचं फर्मवेअर बायोस (जुनं) की यूईएफआय (नवं) हेही इथेच बघायचं. बायोसवाल्या व्हीएमला पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर चालतो, यूईएफआयवालीला शिम किंवा ग्रबची ईएफआय फाईल लागते. व्हीएम कोणत्या प्रकारची हे ती डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मध्ये सांगते, ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, आणि सर्व्हरने त्यावरून फाईल ठरवायची. सगळ्यांना एकच फाईल देणारी जुनी कॉन्फिग यूईएफआय व्हीएमवर हमखास अडकते. आणि बूटलोडर येऊन एलडीलिनक्स डॉट सी३२ मिळत नाही म्हणाला तर ती फाईल त्याच सिसलिनक्स (पीएक्सईलिनक्स ज्यात येतं ते पॅकेज) व्हर्जनमधून शेजारी कॉपी करा.

पायरी ४: बूटलोडरची कॉन्फिग

पीएक्सईलिनक्स आपली कॉन्फिग क्रमाने शोधतं, आधी यूयूआयडी (व्हीएमचा ओळख क्रमांक), मग ०१ लावून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा नंबर), मग आयपी हेक्समध्ये (१९२.१६८.५०.१० असेल तर सी०ए८३२०ए, आणि शेवटून एकेक अक्षर कमी करत), आणि सगळ्यात शेवटी डिफॉल्ट. कॉबलरमध्ये मॅक टाकताना एक आकडा चुकला की व्हीएम डिफॉल्ट मेनूवर जाते, थोडा वेळ थांबते आणि रिकाम्या डिस्कवरून बूट व्हायला बघते. बूट करायला डिस्क नाही असा मेसेज म्हणून मॅक चुकल्यानेही येतो. केव्हीएमचे मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, पुढचे तीन जोड व्हर्श डॉमआयएफलिस्टमधून कॉपीच करा, टाईप करू नका.

पायरी ५: कर्नल चालू झालं, किकस्टार्ट नाही

आता टीसीपीडंप सोडा आणि वेबसर्व्हरचा ॲक्सेस लॉग टेल करून ठेवा. किकस्टार्टची मागणी लॉगमध्ये आलीच नाही तर व्हीएमला नेटवर्क नाही किंवा पत्ता चुकला. ४०४ आला तर फाईलचा पाथ. २०० आला तरी इन्स्टॉलर प्रश्न विचारत थांबला तर फाईलच्या आत काहीतरी कमी आहे.

मागणीच न येण्याची दोन कारणं फार दिसतात. एक, जुनी कॉन्फिग कॉपी केलेली असते, तिच्यात नुसतं केएस इक्वल टू असतं, पण रेड हॅट ९ आणि त्यावर चालणाऱ्या अल्मा-रॉकीमध्ये आयएनएसटी डॉट केएसच लागतं. दुसरं, व्हीएमला नॅटचं आणि प्रायव्हेट अशी दोन कार्डं असतात आणि इन्स्टॉलर भलतंच कार्ड उचलतो, त्यासाठी पीएक्सईलिनक्समध्ये आयपीअपेंड २ लिहा, म्हणजे ज्या कार्डावरून बूट झालं तेच पुढे वापरलं जातं.

डिस्कवर जागा नाही किंवा ड्रेकट टाईमआउट असं आलं तर डिस्क बघायच्या आधी रॅम बघा. नेटवर्क इन्स्टॉलमध्ये इन्स्टॉलरची अख्खी इमेज रॅममध्ये उतरते, तिथली जागा संपलेली असते, २ जीबीपेक्षा कमी दिलीच असेल तर ३ करा आणि परत चालवा.

फाईलच्या आतल्या चुकांसाठी केएसव्हॅलिडेटर चालवा, पॅकेजेसच्या भागाला एंड नसणं वगैरे तो पकडतो. पण डिस्कचं नाव तो पकडू शकत नाही, व्हर्टआयओ डिस्क व्हीडीए असते आणि साटावाली एसडीए. आणि अडकलेल्या इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-बी दाबून २ दाबला की शेल मिळतो, टीएमपी फोल्डरमध्ये स्टोरेज, पॅकेजिंग, ॲनाकोंडा असे वेगवेगळे लॉग असतात, उत्तर बहुतेक तिथेच लिहिलेलं सापडतं.

पायरी ६: पॅकेजेस

पूर्ण बंद प्रायव्हेट नेटवर्कला गेटवे नसतो, म्हणून बाहेरचा मिरर लिहून उपयोग नाही, रेपो (पॅकेजेसचा साठा) त्याच नेटवर्कवर हवा. नावाने पत्ता दिला असेल तर डीएनएस हवा. आणि एचटीटीपीएस असेल तर घड्याळही बघा, होस्टची वेळ मागे गेली असेल तर सर्टिफिकेट अजून लागू नाही अशी एरर येते.

पायरी ७: इन्स्टॉल झालं आणि परत सुरू झालं

व्हीएम इन्स्टॉल होते, रीबूट होते आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल सुरू. बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं आहे म्हणून ती आधी सर्व्हरलाच विचारते, आणि तुझं काम झालंय हे सर्व्हरला माहीतच नाही. कॉबलरमध्ये पीएक्सई-जस्ट-वन्स आणि फोरमनमध्ये बिल्ड मोड याचसाठी आहे, इन्स्टॉलच्या शेवटी पोस्ट स्क्रिप्टमधून व्हीएम सर्व्हरला कळवते. ते कळवणं फसलं की लूप. म्हणून ॲक्सेस लॉगमध्ये ती शेवटची मागणी आली का बघा, बरेचदा पोस्ट स्क्रिप्टच्या वेळी डीएनएस नसतो किंवा स्क्रिप्ट त्याच्या आधीच्या ओळीवर मेलेली असते.

दुरुस्त झालं असं वाटलं की तीच व्हीएम वापरू नका, ती पाडा, डिस्कसकट, आणि नवीन मॅकची कोरी व्हीएम बनवून हात न लावता शेवटपर्यंत जाऊ द्या, मग होस्ट रीबूट करून अजून एक बनवा. ऑटोस्टार्ट, फायरवॉलचा पर्मनंट नियम आणि सिंक यातलं काही राहिलं असेल तर ते या दुसऱ्या व्हीएममध्येच दिसतं.