लोफोटेनला सायकलने: उन्हाळी सहलीची आखणी कशी करावी

लोफोटेन ही नॉर्वेची बेटं आर्क्टिक वृत्ताच्या वर, ६८ अक्षांशाच्या आसपास आहेत. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री अकरालाही लख्ख उजेडात सायकल चालवता येते, त्यामुळे अंधाराच्या आत मुक्काम गाठायची घाई नसते. तिथली खरी अडचण म्हणजे वारा. दिवसाचे किलोमीटर आधीच ठरवून टाकू नका, वारा पडला की निघा.

आधी व्हिसा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या देशगटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा फेब्रुवारीतच कामाला लागा.

मग सायकल. विमानासाठी पेडल काढा, हँडल वळवा, टायरमधली थोडी हवा सोडा आणि खोक्यात बसवा. स्टोव्हच्या गॅसचं डबडं विमानात चालत नाही; ते तिकडे खेळसाहित्याच्या दुकानात मिळतं. मुख्य भूमीवरच्या ट्रोंडहाइम शहरातून बोडो बंदरापर्यंतची ७२९ किलोमीटरची रेल्वे फार देखणी आहे, पण सायकलींना जागा मोजकी असते, म्हणून सायकलचंही तिकीट आधीच काढा. बोडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला फेरीबोट जाते, साडेतीन तासांच्या आसपास लागतात.

आता रस्ता. मोस्केनेसला उतरल्यावर आधी दक्षिणेला ओ या गावापर्यंत जाऊन या. ई १० महामार्ग तिथेच संपतो. मग उलट फिरून राइने, हाम्नोय, रामबेर्ग करत ईशान्येला स्वोल्वेरकडे निघा. हे अंतर जेमतेम १३० किलोमीटर भरतं. आपल्याकडचे पट्टीचे सायकलवाले म्हणतील, एका दिवसाचं काम! तरीही पाच-सहा दिवस ठेवा. नुसफ्योर्ड आणि हेनिंग्सवेर ही मच्छीमारांची गावं मुख्य रस्त्यापासून आत आहेत आणि ती टाळण्यात काही अर्थ नाही.

वाटेत नाप्पस्ट्राउमेनचा बोगदा लागतो. समुद्राच्या तळाखालून जाणारा, पावणेदोन किलोमीटरचा. आधी तीव्र उतार, मग तेवढाच चढ. आत गार असतं आणि गाड्यांचा आवाज घुमतो. पुढचा-मागचा दिवा लावा, परावर्तक जाकीट घाला, गाड्यांची गर्दी कमी असेल तेव्हा शिरा. लेक्नेसनंतर मी ई १० सोडून स्टामसुंडच्या बाजूने जाणारा ८१५ क्रमांकाचा रस्ता सुचवेन. मोटारी कमी आणि समुद्र अगदी शेजारी. व्हायकिंगांचं बोर्ग येथील संग्रहालय पाहायचंच असेल तर मात्र ई १० वरच राहा. तिथे ८३ मीटर लांबीच्या घराचे अवशेष सापडले होते.

मुक्कामाला तंबू सर्वांत स्वस्त. नॉर्वेच्या कायद्याने पडीक, मोकळ्या जमिनीवर कुणालाही उतरता येतं. राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं. गर्दीच्या ठिकाणी मनाईचे फलक असतात, ते पाळा. सलग पाऊस लागला तर रोरबू, म्हणजे कोळ्यांच्या लाल लाकडी खोल्या, भाड्याने मिळतात. खिसा हलका होतो, पण कपडे वाळतात. हवा जुलैतही बहुधा १० ते १५ अंशांची, म्हणून लोकरीचा एक थर, पावसाळी जाकीट-पँट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. झोपायला डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या, नाहीतर पहाटे दोनलाही डोक्यावर ऊन.

खाण्याचं म्हणाल तर तूप, पेढे, पनीर नेऊ नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मेतकूट आणि कोरडे मसाले पुष्कळ. बहुतेक मोठी दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारीच पिशव्या भरून ठेवा. पाणी नळाचं प्या.

परतीची फेरीबोट किंवा विमान आणि सहलीचा शेवटचा टप्पा यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. वादळी हवेत बोटी रद्द होतात. सायकलचं रिकामं खोकं कुठून मिळवायचं, हेही निघण्यापूर्वीच परतीच्या गावातल्या सायकल दुकानाला ईमेल करून ठरवून टाका.