एकचाकीची पेडलं: धातूची की प्लास्टिकची? या चुका टाळा

एकचाकी, म्हणजे एका चाकाची सायकल, शिकणाऱ्याची नडगी पाहिली की पेडल कोणतं लावलंय ते ओळखता येतं. ओळीत तीन-चार खोल ओरखडे दिसले, तर धातूचं, पिनांचं (म्हणजे बूट धरून ठेवायला वर छोटे टोकदार खिळे असलेलं). नुसतं निळं-काळं पडलेलं असेल, तर बहुतेक प्लास्टिकचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘मजबूत ते चांगलं’ म्हणून पहिल्याच दिवशी पिनांचं धातूचं पेडल लावणं. शिकताना एकचाकी दिवसातून पन्नासदा आडवी होते आणि प्रत्येक वेळी पेडल जमिनीवर नाहीतर पायावर आदळतं. शिवाय नवख्याचा पाय चढताना नेमका कधीच पडत नाही, तो चालता चालता सरकवावा लागतो. पिनांनी बूट धरून ठेवला की पाय उचलावाच लागतो, आणि पाय उचलला की तोल गेलाच. म्हणून आधी प्लास्टिक. लाकडी फरशीच्या हॉलमध्ये तर तेच, नाहीतर फरशीवर चरे पडतात.

पण उड्या मारायला किंवा डोंगरवाटेवर जायला लागल्यावरही झिजलेलं गुळगुळीत प्लास्टिक वापरत राहणं ही उलट बाजूची चूक. ओल्या बुटाखालून ते निसटतं. तिथे धातूच हवा, आणि नडगीला गार्डही. पकड जास्तच वाटली तर बऱ्याच पेडलच्या काही पिना छोट्या अ‍ॅलन कीने काढता येतात. मधला मार्ग म्हणून प्लास्टिकच्या पेडलला धातूच्या पिना, असाही प्रकार मिळतो. मला स्वतःला तोच आवडतो.

पेडल सारखं ढिलं होतंय? आधी पेडलवरचं एल (डावं) आणि आर (उजवं) बघा. डाव्याचे आटे उलटे असतात. बरेचदा पेडलं बरोबर असतात, पण चाक किंवा सीट उलटी बसवलेली असते. मग डावा क्रँक (पेडल ज्याला लागतं तो चाकाचा दांडा) उजवीकडे येतो आणि चालवता चालवता पेडल सुटत जातं. तसंच दामटलं तर क्रँकचे आटे जातात, म्हणजे पेडलसोबत क्रँकचाही खर्च.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा, मग १५ मिमीचा पाना. दोन्ही पेडलं चाकाच्या पुढच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात. विकत घेण्याआधी क्रँकचं भोकही तपासा: बहुतेक ठिकाणी ९/१६ इंच असतं, पण काही जुन्या-स्वस्त क्रँकना १/२ इंच. ते जबरदस्तीने बसत नाही.