ठसे आणि उठावाचं काम करून वाढदिवसाचं कार्ड घरी कसं करावं

वाढदिवसाची छापील कार्डं बाजारात हवी तेवढी मिळतात, पण त्यात मराठी मजकुराचं आणि बऱ्या अक्षरातलं कार्ड शोधून पाहा, दमायला होतं. घरी केलेल्या कार्डावर मजकूर आपला असतो आणि अक्षरही आपलं असू शकतं. त्यावर चकचकीत, बोटाला लागेल असा उठाव आणायचा असेल तर त्यासाठी यंत्र लागत नाही. कोरडा कागद, सावकाश वाळणारी शाई, तिच्यावर चिकटून तापल्यावर वितळणारी पावडर आणि पुरेशी उष्णता, एवढ्यावर काम होतं.

आधी सामान. २५० ते ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तसा कागद जाड) कार्डशीट, पिगमेंट इंकचं (सावकाश वाळणाऱ्या शाईचं) किंवा खास एम्बॉसिंगचं, म्हणजे उठावाच्या कामाचं, स्टॅम्प पॅड, उष्णतेने वितळणाऱ्या एम्बॉसिंग पावडरची एक डबी आणि हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं हातात धरायचं साधन. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागद आणि बाकीची स्टेशनरी मिळते. पावडर आणि पॅड तिथे नसेल तर ऑनलाइन मागवा. पहिल्यांदा एकच रंग घ्या, सोनेरी किंवा पांढरा. पावडर ‘फाइन’ किंवा ‘डिटेल’ लिहिलेलीच घ्या. जाड पावडर वितळली की वेलांट्या, उकार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. ऑफिसातलं नेहमीचं स्टॅम्प पॅड इथे चालत नाही. त्याची शाई कागदात लगेच मुरते आणि पावडरला चिकटायला काही उरत नाही.

ठशांसाठी दोन जागा सांगतो. एक म्हणजे कापडावर छपाईसाठी वापरतात ते कोरीव लाकडी ठसे. कोयरी, कमळ, वेलबुट्टी असे नमुने त्यात सहज मिळतात. लाकूड कडक असल्यामुळे छापताना कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी लागते, नाहीतर मधला भाग कोरा राहतो. दुसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही: सोसायटीचे आणि कंपन्यांचे रबरी शिक्के करून देणारं दुकान. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं स्वतःच्या, नाहीतर आजीच्या अक्षरात लिहून तिथे नेऊन द्या. अक्षर जरा ठसठशीत असू द्या, फार बारीक रेघ शिक्क्यावर टिकत नाही. शिक्का साध्या मुठीचा मागा. आपोआप शाई लागणारा नको, त्यात त्याची स्वतःची शाई भरलेली असते. तयार ठशांवर इंग्रजी मजकूर असतो, म्हणून हा एवढा खर्च मला तरी योग्य वाटतो.

आता कागद. ए-फोर कार्डशीट (२१० × २९७ मिमी) लांबीत मधोमध कापलं की दोन तुकडे होतात. प्रत्येकाची घडी घातली की १०५ × १४८ मिमीचं कार्ड तयार, आणि ते ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात नीट बसतं. घडीच्या जागी स्टीलची पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. ही रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची, म्हणजे उंचवटा घडीच्या आत जातो आणि कड फाटत नाही.

ठसा थेट कार्डावर मारू नका. ९५ × १३८ मिमीचा वेगळा तुकडा कापा, सगळं काम त्याच्यावर करा आणि शेवटी कार्डावर चिकटवा. बिघडलं तर एक तुकडाच वाया जातो.

खरं काम आता सुरू होतं, आणि इथून पुढे घाई करायची नाही. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, कागद ओल धरतो. अशा कागदावर पावडर नको तिथेही चिकटते. म्हणून आधी रिकाम्या कागदावरून हीट गन एकदा फिरवून घ्या. मग मलमलीच्या फडक्यात टाल्कम पावडर बांधून तिची पुरचुंडी कागदावर हलकेच फिरवा, बोटांचा तेलकटपणा त्याने झाकला जातो. ठसा पॅडवर हलक्या हाताने टेकवत शाई लावा. कागदावर ठेवल्यावर सरळ खाली दाबा आणि तसाच सरळ वर उचला. जरा जरी डोलला तरी कडा दुहेरी उमटतात.

शाई ओली असतानाच तिच्यावर भरपूर पावडर टाका. कागद तिरपा करून टिचकी मारा आणि उरलेली पावडर दुसऱ्या कागदाच्या घडीतून डबीत परत ओता. बाजूला चिकटलेले कण कोरड्या, बारीक ब्रशने आताच काढा. वितळल्यानंतर ते निघत नाहीत.

हीट गन आधी १५-२० सेकंद बाजूला धरून तापू द्या, नाहीतर थंड हवेचा पहिला झोत पावडर उडवून लावतो. कागद लाकडी चिमट्यात धरा, खाली फरशीचा तुकडा ठेवा आणि साधारण ५ सेंटीमीटरवरून उष्णता द्या. भुरभुरीत दिसणारी पावडर अचानक ओल्या रंगासारखी चमकते. चमकली की पुढे सरका. तिथेच रेंगाळलात तर ती कागदात मुरते, उठाव बसतो आणि मागे तेलकट डाग उमटतो. केस वाळवायचा ड्रायर उपयोगाचा नाही: हवा जास्त, उष्णता कमी. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्याच्या वर, तव्याला न टेकवता, छापलेली बाजू वर ठेवून कागद धरा. मुलं मदतीला असतील तर हे काम मोठ्यांनीच करायचं.

नाव हातानेच लिहायचं असेल तर एम्बॉसिंग पेन मिळतं. त्याची शाईही सावकाश वाळते, बाकी कृती तीच.

पांढऱ्या कागदावर पांढरी पावडर वापरून वेल छापा आणि थंड झाल्यावर त्यावरून पातळ जलरंग फिरवा. उठावावर रंग थांबत नाही आणि वेल पांढरीच्या पांढरी राहते. कार्डाच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत आवडतो.

कोरडा उठाव वेगळा. त्यात शाईही नाही आणि उष्णताही नाही. जुन्या एक्स-रे फिल्ममधून पणती किंवा पतंग कापून साचा करा, तो खिडकीच्या काचेवर चिकटवा आणि त्यावर कागद पालथा लावा. उजेडात आकार दिसतो. त्याच्या आतल्या कडेने रिकाम्या बॉलपेनने दाबत फिरा, सुलटा केला की आकार वर आलेला असतो. अक्षरं असतील तर साचा काचेवर उलटा लावायचा. इथे कागद २०० जीएसएमच्या आसपासचाच घ्या, फार जाड असेल तर हात दुखतो आणि आकार पुसट येतो.

एका कार्डावर एक चित्र आणि एक ओळ पुरे. लेस, मोती, टिकल्या लावत सुटलात तर उठावाकडे कुणाचं लक्ष जाणार?

काम झाल्यावर ठसे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. तुकडा दुहेरी टेपने कार्डावर लावा, पातळ डिंकाने कागद सुरकुततो. टपालाने पाठवणार असाल तर उठावावर बटर पेपर ठेवा आणि पाकिटात मागून एक पुठ्ठा घाला, कारण पोस्टाचा शिक्का पाकिटावर बऱ्यापैकी जोरात पडतो.