खाडीकाठच्या स्टेशनचा लेआउट करताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत मॉडेल रेल्वे करणाऱ्याला खाडीकाठचं स्टेशन कधी ना कधी करावंसं वाटतंच. कळव्याचा पूल, वाशीचा पूल, भरावाला बिलगलेली तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, हे सगळं लोकलच्या दारातून रोज दिसतं. मात्र असे लेआउट बिघडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. पाण्याची पातळी ठरवायच्या आधीच रूळ टाकलेले असतात, आणि आपल्याकडची पावसाळी हवा कुणी हिशेबात धरलेली नसते. इथली सगळी मापं एचओ स्केलची, म्हणजे १:८७ ची आहेत. एन स्केल (१:१६०) जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

सपाट प्लायवर थेट रूळ

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. प्लायची अख्खी शीट आणायची, त्यावर कॉर्क आणि रूळ टाकायचे आणि उरलेल्या जागेत निळा रंग देऊन खाडी करायची. मग पाणी रुळांच्या जवळपास बरोबरीला येतं आणि स्टेशन पुरात उभं असल्यासारखं दिसतं.

मोठ्या उधाणाला ठाणे खाडीत भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. एचओत चार मीटर म्हणजे ४६ मि.मी., एनमध्ये २५ मि.मी. म्हणून आधी कागदावर आडवा छेद काढा, तोही खऱ्या मापात. सरासरी पाण्याची पातळी शून्य धरा. उधाणाची भरती साधारण +२३ मि.मी., ओहोटी -२३ मि.मी., रुळाचा माथा +६० मि.मी. आणि खाडीच्या मधल्या प्रवाहाचा तळ अजून दहा-बारा मि.मी. खाली. म्हणजे रुळाच्या माथ्यापासून तळापर्यंत साधारण ९५ मि.मी. लागतात. एवढी खोली मिळवायची तर खाडीच्या पट्ट्यात चौकट खाली उतरवावी लागते आणि रुळांचा पट्टा उभ्या पट्ट्यांच्या आधारावर वर उचलावा लागतो. सपाट पाटावर हे जमत नाही.

आता भरती दाखवायची की ओहोटी, ते ठरवा आणि बदलू नका. आमचं मत विचाराल तर ओहोटी. भरतीला नुसतं पाणी दिसतं. ओहोटीला चिखल, तिवरांची मुळं, पुलाच्या खांबांवरचा काळपट पट्टा आणि कलंडलेली होडी असं सगळं मिळतं. पाणी दाखवायला ओतायचं रेझिनही कमी लागतं. फक्त खांबांवरचा तो ओला पट्टा भरतीच्या रेषेपर्यंत आणि सगळ्या खांबांवर एकाच उंचीला हवा. खांबागणिक तो वर-खाली झाला तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते कळत नाही, पण खटकतं नक्की.

इथेच स्टेशनच्या पिवळ्या पाटीकडे लक्ष द्या. आपल्याकडे स्टेशनच्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची पद्धत आहे. रूळ सरासरी पाण्याच्या ६० मि.मी. वर असतील तर ६० × ८७ म्हणजे ५.२२ मीटर. मग काल्पनिक स्टेशनच्या पाटीवरही तेवढीच उंची लिहा. इंटरनेटवरून उचललेल्या पाटीवर ६०० मीटर असतील आणि शेजारी तिवरं असतील, तर जाणकार तिथेच थांबतो.

प्लाय फुगतं, आणि एकाच बाजूने फुगतं

प्लायच्या फक्त वरच्या बाजूला प्राइमर मारला तर पावसाळ्यात खालची बाजू ओल शोषते आणि पाट वाकतो. १.२ मीटरच्या पाटाला मधे तीन-चार मि.मी.चा बाक आला की सांध्यावर रूळ उचलले जातात आणि डब्यांचे कपलर आपोआप सुटायला लागतात. उपाय सोपा आहे, फक्त तो रूळ टाकायच्या आधीच करावा लागतो. १२ मि.मी.चं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंना वुड सीलरचे दोन-दोन हात द्या. कापलेल्या कडांना तीन, कारण ओल मुख्यतः कडेतून शिरते. तारांसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनही सीलर फिरवा. चौकटीला पाइनच्या पट्ट्यांपेक्षा १८ मि.मी. प्लायच्या ७५ मि.मी. रुंद पट्ट्या जास्त सरळ राहतात. आडवे आधार ४०० मि.मी.वर द्या.

पाटाचं माप १२०० × ६०० मि.मी.पेक्षा मोठं ठेवू नका. इमारतीच्या लिफ्टमध्ये आणि दारातून तेवढंच नीट वळतं. आणि बंद केलेल्या बाल्कनीत लेआउट कायमचा मांडू नका. पश्चिमेचं ऊन आणि सरकत्या काचेच्या फटीतून येणारी पावसाची झड, दोन्ही तिथेच पोचतात.

फलाट: लांबी, उंची आणि वळण

१२ डब्यांची लोकल एचओत जवळपास २.९ मीटर भरते. घरात एवढा फलाट बहुधा बसत नाही, म्हणून लोक तो वळवतात. वळवू नका, डबे कमी करा. २४० मि.मी. लांबीच्या आणि बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) केंद्रांत १७० मि.मी. अंतर असलेल्या डब्याचा मधला भाग ६०० मि.मी. त्रिज्येच्या वळणावर आतल्या बाजूला ६ मि.मी. सरकतो आणि टोकं बाहेर तेवढीच जातात. सरळ फलाटाला डब्याच्या सगळ्यात रुंद भागापासून दीड मि.मी. फट पुरते, वळणावर ती साडेसात होते. १:८७ मध्ये ही फट ६५ सें.मी. झाली, म्हणजे माणूस आरामात खाली पडेल. सहा डब्यांची लोकल दीड मीटरच्या सरळ फलाटावर उभी असलेली कितीतरी बरी दिसते.

फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून ९ ते १० मि.मी. हवी. ती प्लायपासून मोजली तर कॉर्क आणि स्लीपरची जाडी हिशेबातून निसटते आणि फलाट रुळाच्या बरोबरीला येतो. ही चूक फार वेळा दिसते, आणि छत-खांब सगळं चिकटवून झाल्यावरच लक्षात येते.

ब्रॉडगेजचं १६७६ मि.मी. माप १:८७ मध्ये १९.३ मि.मी. होतं आणि बाजारातला एचओ ट्रॅक १६.५ चा असतो. हा फरक सोडून द्या. स्लीपर मात्र तपकिरी ठेवू नका, आपल्याकडे ते काँक्रीटचे आहेत. फिकट उबदार राखाडी रंग द्या आणि फलाटालगतच्या खडीवर ब्रेकच्या धुळीचा तांबूस हात फिरवा.

खडी चिकटवण्याआधी लोहचुंबक फिरवा

आपल्याकडची खडी बेसॉल्टची, काळी-राखाडी. क्रशरची बारीक भुकटी चाळून वापरली तर रंग अगदी अस्सल मिळतो. पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते सुटे होऊन इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतात. आधी मोटर कुरकुरते, मग गरम होते. म्हणून भुकटी वर्तमानपत्रावर पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा, काही चिकटेनासं होईपर्यंत. अर्ध्या तासाचं काम आहे, करायलाच हवं. किनाऱ्यावरची वाळू तर आणूच नका. कोकणच्या वाळूत काळे चुंबकीय कण असतातच, शिवाय तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि रुळांच्या बुडाशी हिरवट थर धरतो.

मार्गावरचे खडे साधारण ५० मि.मी.चे, म्हणजे मॉडेलवर ०.६ मि.मी.च्या आसपास. एक मि.मी.ची खडी वापरली तर स्लीपरमध्ये धोंडे पडल्यासारखे दिसतात.

चिकटवण्यासाठी एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून खडी ओली करा, नाहीतर फेविकॉलचे गोळे होतात आणि खडी तरंगते. पॉइंटच्या (गाडीचा रूळ बदलणाऱ्या जोडाच्या) हलत्या पट्ट्यांजवळ पातळ गोंद ड्रॉपरने सोडू नका. तिथे खडी कोरडी ठेवून फक्त कडेने चिकटवा. पावसाळ्यात हा थर वाळायला दोन-तीन दिवस घेतो. पंखा चालू ठेवा. लवकर झाकलात तर पांढरी बुरशी येते. मातीसाठी चहाचा चोथा वापरणाऱ्यांना ती हमखास येते. चोथा आधी ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा आणि बसवल्यावर मॅट वार्निशने बंद करा.

चिखल, तिवरं आणि पाणी

निळी खाडी ही खाडी नव्हे. ठाणे खाडीचं पाणी गढूळ, करडं-तपकिरी, किंचित हिरवट असतं. रेझिनमध्ये निळा रंग घालायचा मोह टाळा. तळ आधी रंगवा: मधल्या प्रवाहात गडद करडा-तपकिरी, काठाकडे फिकट. रेझिनला फक्त एक-दोन थेंब रेझिन पिगमेंट द्या. पाण्यात मिसळणारा पोस्टर किंवा अॅक्रिलिक रंग जास्त घातला तर रेझिन नीट घट्ट होत नाही.

चिखलावर सरसकट चकाकी देऊ नका. पाणी नुकतंच ओसरलंय तिथे ग्लॉस, थोडं वर सॅटिन, आणि काठाशी वाळलेल्या भागावर मॅट, वर फिकट मिठाचा ओरखडा. हा उतार जमला की बाकीचं काम निम्म्याने सोपं होतं.

तिवराच्या झाडांना नारळाच्या किंवा आंब्याच्या आकारात करणं ही नेहमीची चूक. खाडीकाठची तिवरं साधारण तीन ते सहा मीटरची, म्हणजे ३५ ते ७० मि.मी.; घेर दाट, बुंधा फांद्यांत लपलेला. पान वरून मळकट हिरवं, खालून रुपेरी करडं, त्यामुळे झाडाच्या खालच्या अर्ध्या भागाला करड्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. झाडाखाली चिखलातून वर येणारी श्वसनमुळं दहा-पंधरा सें.मी.ची, मॉडेलवर एक-दोन मि.मी. जुन्या नायलॉन ब्रशचे केस ओल्या टेक्स्चर पेस्टमध्ये उभे रोवा आणि वाळल्यावर कात्रीने एका उंचीला कापा. हे कष्ट फक्त पुढच्या १०० मि.मी. पट्ट्यात घ्या, मागे दिसत नाहीत. फांद्यांसाठी खरं तिवर तोडू नका. ती संरक्षित झाडं आहेत.

रेझिनचं गणित ओतण्याआधी करा. ६०० × २५० मि.मी.च्या पट्ट्यात ३ मि.मी. थर म्हणजे ४५० मि.ली., वजनाने सुमारे अर्धा किलो. एका वेळी तीन मि.मी.हून जाड ओतू नका. जाड थर आतून तापतो, आक्रसतो आणि कडेने सुटतो. रेझिन आणि हार्डनरचं (ते घट्ट करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण बाटलीवर वजनात दिलं असेल तर वजनच करा, डोळ्यांनी अंदाज नको. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं. पाट स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना तपासा. तळ थर्माकोलचा किंवा एक्सपीएस फोमचा असेल तर आधी अॅक्रिलिक रंगाने पूर्ण बंद करा, नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते.

जून ते सप्टेंबर रेझिन ओतूच नका, असंच आम्ही सांगू. दमट हवेत हार्डनर ओलीशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर मेणचट, धुरकट साय येते. ती आलीच तर कोमट पाणी आणि मऊ स्पंजने पुसा, पूर्ण वाळू द्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि कोरड्या दिवशी पातळ थर द्या. पण थर आठवडाभराने बोटाला चिकटत असेल तर प्रमाण चुकलंय. तो खरवडून काढण्याला पर्याय नाही.

वायरिंग आणि ओव्हरहेड तारा

फिशप्लेटमधून (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतून) वीज जाईल या भरवशावर राहू नका. आपल्या हवेत सहा महिन्यांत त्या काळवंडतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी तार सोल्डर करा: वर ०.५ चौ. मि.मी.ची, ३०० मि.मी.पेक्षा आखूड, आणि खाली मुख्य तार १.५ चौ. मि.मी.ची. लॅमिंग्टन रोडला दोन्ही सहज मिळतात. रोझिन कोअरचंच सोल्डर घ्या. प्लंबिंगचं अॅसिड फ्लक्स पावसाळ्यात रूळ खातं. डीसीसी (गाड्यांचं डिजिटल नियंत्रण) असेल तर रुळांवर पाच रुपयांचं नाणं ठेवून जागोजागी तपासा. रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. कुठे तोडली नाही तर तिथली तार पातळ आहे किंवा जोड कच्चा आहे.

रुळांच्या तुकड्यांत अर्धा मि.मी. फट ठेवा. तीन मीटरचा निकल-सिल्व्हर रूळ २० अंशांच्या फरकाने सुमारे एक मि.मी. वाढतो, आणि जागा नसेल तर वळणावर बाहेर फुगतो.

ओव्हरहेड तार रुळापासून ६३ मि.मी.वर, खांब रुळाच्या मध्यापासून ३० ते ३४ मि.मी.वर. तार अगदी मधोमध सरळ ताणू नका. खऱ्या मार्गावर ती खांबागणिक २०० मि.मी. डावी-उजवी जाते, मॉडेलवर २.३ मि.मी. हा नागमोडीपणा दिसला की दृश्य एकदम खरं वाटतं.

गाडी अडली तर कुठे बघायचं

वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. सांध्यावरून नखाने बोट फिरवा, पायरी लागेल. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर चाकांचं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओला सुमारे १४.४ मि.मी. हवं. इंजिन फलाटात धक्के देत चालत असेल आणि बाहेर नीट, तर फवारलेला फेविकॉल किंवा वार्निश रुळाच्या माथ्यावर बसलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्याला लावून पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या चऱ्यांत घाण जास्त साठते. स्टील वूल तर अजिबात नको, त्याचे धागे मोटरमध्ये ओढले जातात. पारदर्शक खिडक्या धुरकट झाल्या असतील तर त्या सुपरग्लूच्या वाफेने. दमट दिवसांत हे हमखास होतं. खिडक्यांना पारदर्शक वाळणारा पांढरा गोंदच वापरा. पॉइंट पावसाळ्यातच अडकत असेल तर मोटर बदलायच्या आधी पाटावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड बघा. बहुतेकदा प्लायच वाकलेलं सापडेल, आणि आधाराचा स्क्रू अर्धा वळसा सैल केला की पॉइंट पुन्हा मोकळा चालतो.